पोकळ राजा

“पण बापू, आकृती पानाच्या तळाशी आली, तर ती मधेच तुटू द्यायची, की अख्खी पुढच्या पानावर ढकलायची?”

ऋजुतानं विचारलं खरं, पण तिला उत्तर ठाऊक होतं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न माणूस शाबासकीसाठी विचारतो.

 बापू जमखंडीकर बुद्धिबळाच्या पटावरची धूळ उपरण्याच्या टोकानं पुसत होते.

“मी ढकलली,” ती स्वतःच म्हणाली. “आकृती आणि तिच्याखालची ओळ, दोघींना एकत्र बांधून टाकलं. कितीही छोटा मोबाईल असू दे, ताटातूट होणार नाही.”

“बरं केलंस.”

“अक्षर मोठं केलं की पटही मोठा होतो. धूसर होत नाही. एकसुद्धा रेघ फुटत नाही.”

“बरं केलंस,” बापू पुन्हा म्हणाले.

कृष्णाकाठच्या त्या गावात बुद्धिबळ शिकलेला माणूस म्हणजे बापूंचा विद्यार्थी, हे सांगावं लागत नसे. आयुष्यभर त्यांनी डावांच्या अखेरच्या अवस्था गोळा केल्या, त्यांचं पुस्तक केलं. त्या पुस्तकाच्या प्रती कधीच संपल्या होत्या, आणि आता एक प्रकाशक ते ई-पुस्तक म्हणून काढायला निघाला होता. आकृत्या नव्यानं करायचं काम बापूंनी ऋजुताला द्यायला लावलं. का, ते तिला कळलं नव्हतं. तिची लेक रेवा तेव्हा नुकतीच पालथी पडायला लागली होती, आणि ऋजुताच्या हातून दूधसुद्धा उतू गेल्याशिवाय तापत नव्हतं. अशा बाईला कोण काम देतं?

बापूंनी दिलं.

लहानपणीही असंच झालं होतं. बुद्धिबळ मंडळाच्या खोलीत सगळे मुलगेच, आणि ही दाराशी चपलांच्या ढिगात उभी. बापूंनी वर न बघता म्हटलं होतं, “उजेड अडवू नकोस. आत ये नाहीतर बाहेर जा.” ती आत गेली. त्या एका वाक्याचं ऋण तिला फेडायचं होतं, आणि फेडायचं तर ते डोळ्यांत भरेल असं.

म्हणून हे काम तिनं जिवापाड केलं. पहिल्या खेपेला सोंगट्या अक्षरांसारख्या टंकल्या. वाचकानं मोबाईलवर दुसरं अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, निवडलं की राजाची, वजिराची, घोड्याची, सगळ्यांची इंग्रजी मुळाक्षरं! पटावर शाळा भरल्यासारखं. ते सगळं पुसलं. मग एकेक सोंगटी रेघेनं काढली. रेवा मांडीवर, एक हात पाळण्याच्या दोरीला. आज प्रकाशक बापूंच्या होकारासाठी थांबला होता. होकार आला की पुस्तक लगेच निघणार. घाईला कारण होतं. बापूंना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचायचं असेल ते वाचून घ्या.

“मग कळवू ना प्रकाशकांना?” ऋजुतानं विचारलं.

“कशावर बघितलीस आकृत्या?”

“माझ्या मोबाईलवर. ह्यांच्या मोबाईलवर. टॅबवर, लॅपटॉपवर. शेजारच्या काकांचासुद्धा मोबाईल मागून आणला. त्यांना वाटलं, माझा बिघडलाय.”

आतून काकू चहा घेऊन आल्या. बापूंच्या बायकोला सगळं गावच काकू म्हणे. त्यांनी ऋजुताच्या कडेवरच्या रेवाकडे हात पसरले. रेवानं तोंड फिरवलं.

“आईचं शेपूट आहे गं हे,” काकू म्हणाल्या.

“मीच सोडत नाही काकू. पडली तर... असं वाटतं.”

“पडतातच की. तू काय उभीच जन्मलीस?”

बापूंनी पट पुढे सरकवला. सोंगट्यांची पेटी उघडून तिच्यासमोर ठेवली.

“मांड.”

“काय?”

“घोड्याची मात. तुझ्या आवडीची.”

ऋजुताला हसू आलं. बापूंच्या वर्गाचा हा नियमच होता. पुस्तकातली आकृती नुसती बघायची नाही. आधी हातानं पटावर मांडायची, दोन्ही राजे पहिले. मग बघायचं.

“बापू, आता आकृती इतकी स्वच्छ दिसते की मांडायची गरजच नाही. आणि ही तर मला पाठ आहे.”

“मांड.”

“पाठ आहे म्हणते ना...”

“पाठ आहे ते राहू दे. यात बघून मांड.”

त्यांनी बंडीच्या खिशातून आपला मोबाईल काढला. पुस्तक उघडंच होतं. तिनंच नमुन्यासाठी पाठवलेलं. पडदा काळा होता आणि अक्षरं पांढरी. बापूंच्या डोळ्यांना पांढरा उजेड खुपतो, म्हणून काकूंनी कुणाकडून तरी तसं करून घेतलं होतं.

काळ्या पडद्यावर पट छान खुलून दिसत होता. ऋजुताला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ती मांडायला लागली. डोळा मोबाईलवर, हात पेटीत. एक राजा, दुसरा राजा. रेवानं एक उंट तोंडात घातला. तो काढून, पदराला पुसून, घरात ठेवला. हत्ती, हत्ती. “नाही गं, ते प्यादं दे... दे म्हणते ना.” घोडा. वजीर. ती बघत नव्हती, नुसती उतरवत होती. आकृती पुरी झाली.

आकृतीखाली ओळ होती, “पांढऱ्याची चाल. पांढरा जिंकतो.”

“वजिराचा बळी,” ती म्हणाली, “मग घोड्यानं मात.” आणि तिनं वजिराकडे हात नेला.

हात मधेच थांबला.

वजीर काळा होता.

तिनं पटाकडे पाहिलं. मोबाईलकडे पाहिलं. पुन्हा पटाकडे पाहिलं. मात करणारा घोडाही काळा होता. कोपऱ्यात कोंडलेला राजा पांढरा होता. पांढऱ्यानं जिंकायचं होतं, आणि पांढरा मरायला टेकला होता.

“हे... हे उलटं झालंय.”

बापूंनी चहाचा घोट घेतला.

“पण माझ्या मोबाईलवर बरोबर आहे! थांबा...” तिनं आपला मोबाईल काढला. पांढरा पडदा, पांढरा वजीर. तिनं सेटिंग बदललं, पडदा काळा केला. आणि तिच्या डोळ्यांदेखत अख्खं सैन्य फितूर झालं.

“थांब की,” बापू म्हणाले. “असं कसं होतं ते मला समजाव.”

“पांढरा राजा मी नुसत्या रेघेनं काढलाय. आत काहीच भरलेलं नाही. पान पांढरं म्हणून तो पांढरा दिसायचा. पान काळं झालं की रेघ पांढरी होते, आणि आत काळोख भरतो.”

“म्हणजे राजा पोकळ आहे.”

“हो.”

“आणि काळा?”

“तो भरीव आहे. अक्षरांबरोबर तोही पांढरा झाला.” तिनं कपाळावर हात मारून घेतला. “सगळ्यांचे मोबाईल बघितले, बापू. एकाचाही पडदा काळा करून बघितला नाही. आणि ज्यांच्यासाठी केलं, त्यांचाच काळा...”

रेवा एव्हाना मांडीवरून उतरून पटाच्या कडेला लोंबकळत होती. ऋजुताच्या ते ध्यानातही आलं नाही.

“तुम्ही हे कधीपासून असं बघताय?”

“तू पाठवलंस तेव्हापासून.”

“आणि बोलला नाहीत?”



उत्तर काकूंनी दिलं. “बोलतात कसले! आधी वाटलं, डोळे गेले. स्वतःचेच डाव ओळखू येईनात. ताटावर बसायचे आणि नुसता भात चिवडायचे. मला काही सांगेनात. मग एका सकाळी मोबाईल माझ्या नाकाशी धरला. विचारतात, हा राजा काळा की पांढरा? म्हटलं, काळा. तर म्हणतात, मलाही काळाच दिसतो, देव तुझं भलं करो! लग्न झाल्यापासून माझ्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं या माणसानं. राजाच्या रंगावरून आशीर्वाद मिळाला.”

काकू हसल्या. बापूही हसले.

ऋजुताला हसता येईना. तिच्या एका पोकळ रेघेनं या माणसाला वाटलं होतं, आपले डोळे गेले. ऋण फेडायला निघालेली ती...

“बापू, मी...”

“इकडे ये.”

“काय?”

“या बाजूला ये. पांढऱ्याच्या.”

पण ती उठण्याआधी त्यांनीच पट दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश फिरवला. कोंडलेला राजा तिच्यासमोर आला.

“खाली काय लिहिलंय?”

“पांढऱ्याची चाल.”

“मग चाल.”

“पण ही बाजू हरणारी आहे!”

“हो. आणि तुझ्या पुस्तकात चाल तिच्याकडे आलीय.”

“त्यानं काय होतंय? तुम्हीच लिहिलंय ना खाली टिपेत...” तिला तेही पाठ होतं. ‘हरणाऱ्याकडे चाल असती, तरी सुटका नव्हती.’ वर्गात बापू ते वाक्य वहीत उतरवून घ्यायला लावत.

“लिहिलंय,” बापू म्हणाले. “बघ.”

तिनं पाहिलं. राजा कोपऱ्यात. त्याच्यापुढे त्याचीच प्यादी. शेजारी त्याचाच हत्ती. चारी बाजूंनी आपलीच माणसं, आणि हलायला घर नाही. तिनं एकेक चाल मनात करून बघितली. एकही चालेना.

“नाही हो. नाही सुटत.”

बापूंनी हात पुढे केला. त्यांना कडेचं नीट दिसत नव्हतं, म्हणून बोटं सोंगट्यांच्या डोक्यांवरून चाचपडत गेली. राजाशेजारच्या हत्तीवर थांबली. त्यांनी हत्ती उचलला आणि सरळ शत्रूच्या वजिरासमोर नेऊन ठेवला. फुकट.

“अहो, हत्ती गेला!”

“गेला.”

“आणि राजा?” बापूंनी विचारलं.

ऋजुता वाकली. हत्तीचं घर मोकळं झालं होतं. राजाला तिथे सरकता येत होतं. वजिरानं हत्ती खाल्ला तर वजीर लांब जात होता, आणि नाही खाल्ला तर राजा निसटत होता. तिनं घोडा आणून बघितला, उंट आणून बघितला, प्यादं पुढे घालून बघितलं. मात होत नव्हती. कशीच होत नव्हती.

“सुटतो...” ती पुटपुटली.

“सुटतो,” बापू म्हणाले. “हत्ती जपायच्या नादात मी त्या राजाला जन्मभर मारत आलो. किती पोरांना लिहून दिलं, सुटका नाही. आणि शिकवणारा मी, तिकडच्या बाजूला एकदाही बसलो नव्हतो. जिंकणाऱ्याच्या खुर्चीतून सगळं बरोबरच दिसायचं.”

ते बसल्या जागेवरून थोडे पुढे झाले. टोपी काढून बाजूला ठेवली. आणि ऋजुताला काही कळायच्या आत त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. वाकले.

“बापू! अहो, काय करताय!” ती मागे सरकली. “पाया मी पडायचं!”

“ज्यानं दाखवलं त्याला नमस्कार करायचा. तुम्हाला काय शिकवलं मी?”

“मी कुठे दाखवलं? माझी चूक होती ती!”

“चूकच होती. मोठी होती.”

त्यांनी हात खाली घेतले नाहीत. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. ऋजुतानंही मग हात जोडले. दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. दोघं तशीच बसून राहिली, मधे पट. रेवानं त्या दोघांकडे बघून आपलेही दोन तळवे एकमेकांवर आपटले. तिला टाळ्या वाजवायच्या होत्या.

थोड्या वेळानं ऋजुतानं डोळे पुसले आणि ती भानावर आली.

“सगळ्या आकृत्या पुन्हा कराव्या लागतील. प्रत्येक पांढरी सोंगटी आतून पांढऱ्यानं भरायची, पटाखाली रंग न पालटणारा पक्का कागद घालायचा. ते मला येतं. पण बापू...”

“काय?”

“हे आज सापडलं. उद्या आणखी काही निघेल. कुणाच्या मोबाईलवर काय होईल, मी कुठे कुठे बघणार? माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. दूध उतू जातं. परवा रेवाच्या एकाच पायात दोन्ही मोजे घातले. तुमच्या डोळ्यांकडे तेवढा वेळ नाहीये. मी पुन्हा चुकले आणि पुस्तक तुम्हाला वाचायलाच मिळालं नाही, तर मी...” तिला पुढे बोलवेना. “तुम्ही हे दुसऱ्या कुणाला द्या. पुण्यात लोक आहेत, हेच काम करणारे. त्यांचं चुकत नाही.”

बापू सोंगट्या पेटीत भरत होते. एकेक, चाचपून. तो सुटलेला राजा मात्र त्यांनी पटावरच राहू दिला.

“द्याल ना, बापू? तो माणूस सगळं बरोबर करेल.”

“करेल,” बापू म्हणाले. “तीच तर भीती आहे.”