भरलेली तुला, रिकामी मला

एकदा एका पेट्रोलच्या टँकरवर दोन सारथी होते. एक उतरायला निघालेला म्हातारा, दुसरा चढायला आसुसलेला तरुण. म्हाताऱ्याचे नाव हैबती. पण त्याला नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते, सगळे अण्णाच म्हणत. चौतीस वर्षे त्याने डेपोतून इंधन भरून आसपासच्या चार तालुक्यांतल्या पंपांवर पोचवले होते. एवढ्या काळात त्याच्या गाडीला ओरखडा उठला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःहून कधी कुणाला सांगत नसे.

तरुणाचे नाव सर्जेराव. यापूर्वी नऊ वर्षे तो कांद्याचे ट्रक घेऊन पार आसामपर्यंत जाई. वीस-वीस दिवस घराचे दर्शन नाही. एकदा असाच दमूनभागून घरी पोचला, तर दारात खेळणाऱ्या चार वर्षांच्या लेकीने आत वळून सांगितले, "आई, पाहुणे आलेत." बायको हसली, शेजारीण हसली, तोही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेले नाही. संध्याकाळी घरी आणून सोडणारी गाडी चालवायची, असे त्याने त्या दिवशी ठरवले. मग टँकर चालवायचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले, परवान्यावर तशी नोंद करून घेतली आणि टँकरचे मालक पारसशेठ यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

शेठ म्हणाले, "दिवाळीला अण्णा थांबताहेत. तोवर त्यांच्याबरोबर फिर. ते म्हणाले याला द्या, तर गाडी तुझी. ते नाही म्हणाले, तर मला पुन्हा विचारू नकोस."

अशा रीतीने शिष्य गुरूच्या शेजारी जाऊन बसला. पहिल्याच दिवशी डेपोत टाकीचे तिन्ही कप्पे भरले गेले. बारा हजार लिटर. वरची झाकणे बंद झाली, सील लागली आणि अण्णाने किल्ली सर्जेरावच्या हातात ठेवली. सर्जेरावला अभिमानाने भरून आले. देवाची पालखी खांद्यावर असावी तशी त्याने गाडी नेली. पंपावर माल उतरला, टाकी रिती झाली आणि अण्णाने हात पुढे केला. "आण किल्ली. भरलेली तुला, रिकामी मला."

पहिल्या दिवशी सर्जेरावला यात काही वावगे दिसले नाही. आठवड्याने नवल वाटू लागले. तीन महिने झाले तरी तोच नेम चालू राहिला, तेव्हा मात्र त्याला ते बोचू लागले. बारा हजार लिटर घेऊन घाट उतरायला मी चालतो, आणि रिकामं डबडं परत न्यायला चालत नाही? शिवाय अण्णा रिकामी गाडी अशी हाकत असे, की मागून येणारी सायकलसुद्धा पुढे निघून जाई. डेपोतल्या चालकांना चेष्टेला विषय मिळाला. "सर्जेराव, अण्णा तुझ्याकडून बैलाचं काम करून घेतोय, आणि स्वतः हवा खात येतोय," असे ते म्हणत.

सर्जेराव ते हसण्यावारी नेई, कारण अण्णावर त्याचा जीव जडला होता. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, दमही लागत असे. घरून आणलेल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तो 'मला तिखट सोसत नाही' म्हणून सर्जेरावच्या भाकरीवर ओतत असे, आणि तिखट त्याला चांगले सोसत होते. अशा माणसाने शेवटचे चार महिने सोपे काम स्वतःकडे ठेवले, तर ठेवू दे, असे सर्जेरावने मनाशी ठरवून टाकले. त्याचा हा अर्थ सज्जनपणाचा होता, आणि साफ चुकीचा होता.

एके दिवशी सकाळी डोंगराकडच्या एका पंपावर अण्णा माप पाहायला टाकीवर चढत होता. शिडीची तिसरी पायरी एका बाजूने निखळलेली होती. ती पायाखाली फिरली आणि अण्णाची नडगी सोलून निघाली. रक्त पाहून सर्जेराव धावला. "काही न्हाई रे, कातडं हाये, येईल पुन्हा," असे म्हणत अण्णाने माप घेतले, माल उतरवला आणि सही-शिक्क्यासाठी लंगडत पंपाच्या कचेरीत गेला. पंपाच्या मालकाने त्याला चहासाठी बसवून घेतले.

पंपापासून हाकेच्या अंतरावर वेल्डिंगचे दुकान होते. सर्जेरावला वाटले, म्हाताऱ्याचा चहा होईस्तोवर ही पायरी पक्की करून आणू. दोन टाके तर मारायचे. उद्या पाय ठेवील आणि म्हणेल, पोरानं न सांगता काम केलं. पायाच्या गडबडीत अण्णाने किल्ली मागितली नव्हती, ती त्याच्याकडेच होती. त्याने गाडी काढली आणि दुकानापुढे नेऊन लावली.

वेल्डरने टाकीकडे पाहिले आणि हात आखडता घेतला. "पेट्रोलची दिसते. रिकामी आहे ना?"

"अगदी रिकामी. आत्ताच थेंब न् थेंब उतरवलाय," सर्जेराव म्हणाला.

वेल्डरने तार जोडली, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि कांडी शिडीजवळ नेली. इतक्यात कुणीतरी त्याला खांद्याने बाजूला सारले आणि शिडीला पाठ लावून उभे राहिले. ते अण्णा होते. ज्याला तीन पायऱ्या चढताना तीनदा देव आठवत, तो माणूस कचेरीच्या खिडकीतून गाडी वेल्डरपुढे दिसताच चपला टाकून अनवाणी पळत आला होता. त्याने नुसता हात हलवला. मग श्वास सापडल्यावर हळूच म्हणाला, "मशीन बंद कर, बाबा. आधी मशीन बंद कर."

मशीन बंद झाले. अण्णाने किल्ली घेतली, गाडी गावाबाहेर मोकळ्या माळावर नेऊन उभी केली आणि तो खाली उतरून दगडावर बसला. सर्जेराव समोर उभा राहिला. काय घडले असते हे त्याला आता उमजू लागले होते.

"अण्णा, रिकामी होती," तो म्हणाला.

अण्णा शांतपणे म्हणाला, "भरलेल्या टाकीत तेल असतं, सर्जेराव. रिकाम्या टाकीत त्याची वाफ असते. तेल पेटलं तर जळतं. वाफ पेटली तर फुटते. टाकी धुऊन, वाफ काढून, तसा दाखला हातात आल्याबिगर तिला ठिणगी दाखवायची नसते."

"हे प्रशिक्षणात सांगितलं होतं," सर्जेराव मान खाली घालून म्हणाला. "मी प्रमाणपत्र घेऊन आलो, शिकवण तिथंच राहिली."

"तुझ्या एकट्याची न्हाई ती चूक. भरलेली गाडी मी तुला पहिल्या दिवशी दिली, कारण तिचं भय तुझ्यात आधीच होतं, आणि ते भय गाडी नीट नेतं. रिकामीचं भय तुझ्यात नव्हतं, म्हणून ती मी घेत होतो. वाटलं, रोज बघून एक दिवस इचारशील, अण्णा, असं का? तू इचारलं न्हाईस, मी बोललो न्हाई. तोंडानं सांगायची गोष्ट मी तीन महिने मुक्यानं सांगत बसलो. म्हाताऱ्या माणसाला आपलं शहाणपण झाकून ठेवायची खोड असते. आज ती तुझ्या लेकीला पोरकं करणार होती."

असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. सर्जेराव खाली बसला व त्याने गुरूचे अनवाणी पाय हातात घेतले. तळव्यांत रुतलेले काटे तो एकेक करून काढू लागला.

काटे निघाल्यावर अण्णाने किल्ली पुढे केली.

"आज नको, अण्णा. आज माझ्यात ती हिंमत नाही."

"हिंमत न्हाई, म्हणूनच आज. घे."

परतीच्या वाटेवर सर्जेरावने पहिल्यांदाच रिकामी गाडी हाती घेतली. खड्डा दिसला की तो वेग कमी करी; चढावर, वळणावर, फाटकापाशी पुन्हा पुन्हा आरशात पाही. चाळीस किलोमीटरला दोन तास लागले. वाटेत अण्णा मिश्कीलपणे म्हणाला, "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. तू फुंकूनच पी. आपल्या धंद्यात पोळतं ते ताकच."

संध्याकाळी दोघे पारसशेठपुढे उभे राहिले. अण्णाने काहीही न वगळता सगळी हकिगत सांगितली: शिष्याची चूक सांगितली, स्वतःची त्याहून सविस्तर सांगितली. शेठचा चेहरा उतरला. सर्जेराव दारापाशी जमिनीकडे पाहत उभा होता. एका शब्दाने त्याची रोजची संध्याकाळ जाणार किंवा राहणार होती.

शेठ म्हणाले, "अण्णा, एवढं ऐकल्यावर मी याच्या हाती भरलेली गाडी कशी देऊ?"

अण्णा म्हणाला, "भरलेली कुणाच्याही हाती द्या, शेठ. तिला सगळेच जपतात. रिकामी याच्याच हाती द्या."

शेठने सर्जेरावकडे पाहिले. मग टेबलावरची किल्ली उचलून त्याच्यापुढे धरली. सर्जेरावने ती दोन्ही हातांनी घेतली.

अवघड काम चालू असते तोवर आपण सावध असतोच. ते पार पडले, आता कसली भीती, असे मनात येते, तेव्हा आणखी थोडा वेळ सावध राहावे.