नथीतली लाल गुंज

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या सबंध गावाला मिळून एकच नथ होती.

नथ देवीची. गाभाऱ्यातल्या एका कोनाड्यात ती लाल फडक्यावर ठेवलेली असे. कोनाड्याला दार नव्हतं, कारण दार लावावं असं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. गाव गरीब. खरा मोती एकाही घरात नव्हता, पण मोत्या नावाचा कुत्रा प्रत्येक आळीत होता. चांगल्या बैलाला हिरा म्हणत. गुणी पोराला रत्न म्हणत आणि वाया गेलेल्या पोराकडे बघूनही 'काय रत्न आहे' असंच म्हणत. असे बोलण्यातले दागिने घरोघरी होते. अंगावर घालायचा दागिना म्हणाल तर ती एक नथ.

गावच्या कुठल्याही लेकीचं लग्न असो, ती नथ तिच्या नाकात जाई. लेक पाटलाची असो, तेल्याची असो की बुरुडाची. पण रीत अशी होती, की नवरीनं ती आपल्या हातानं घालायची नाही आणि तिच्या आईनंही घालायची नाही. तिच्या आधी ज्या लेकीचं लग्न झालं असेल, तिनं सासरहून यायचं आणि नव्या नवरीच्या नाकात नथ घालायची. लग्न लागलं की नवरी नथ देवीच्या पायाशी ठेवून सासरी जाई, आणि पुढच्या लग्नाला तिला बोलावणं जाई. सासू कितीही खट असली तरी 'देवीच्या नथीचं बोलावणं आहे' म्हटल्यावर सुनेला माहेरी पाठवणं तिला भागच पडे.

देवळाचा एक कारभारी होता. माणूस भला, पण फार काळजीखोर. दाराला कडी लावून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत येऊन कडी ओढून बघणारा.

एका वर्षी जत्रेला शहरातला एक जवाहिऱ्या आला. त्यानं नथ हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "कारभारी, ही रत्नं आहेत. असे मोती राजाच्या खजिन्यात असतात. तुम्ही ती उघड्या कोनाड्यात ठेवता?"

जवाहिऱ्या निघून गेला. कारभाऱ्याची झोप मात्र उडाली. त्याला जिथं तिथं चोर दिसू लागले. शेवटी त्यानं एक लोखंडी पेटी आणवली, नथ कापसात गुंडाळली, कापूर घातला आणि पेटी बंद करून टाकली. किल्ली आपल्या करगोट्याला बांधली.

त्यानंतर पहिलंच लग्न आलं ते बुरुडाच्या भागीचं. तिला आई नव्हती. आईच्या लग्नात जी नथ आईच्या नाकात होती, ती आपल्याही नाकात येणार, एवढी एकच गोष्ट ती लहानपणापासून धरून बसली होती. नथ घालायला तेल्याची तुळसा सासरहून येऊनही बसली होती.

कारभारी म्हणाला, "नथ आता कुणालाच मिळायची नाही. मोती पडला, हरवला, तर देवीला काय सांगू?"

"आजवर कुठं हरवला?" तुळसानं विचारलं.

"आजवर ती रत्नं आहेत हे माहीत नव्हतं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आणि तेही बुरुडाच्या पोरीला." कारभारी तसं म्हणाला नव्हता. पण त्यानं त्या माणसाला गप्पही केलं नाही. भागीनं हे दोन्ही पाहिलं. कारभाऱ्याची लहानगी लेक वेणू बापाचं बोट धरून उभी होती, तिनंही पाहिलं.

बुरूड घरी गेला. त्यानं बांबूची एक कोवळी कामटी घेतली, केसाएवढी बारीक तासली, वाकवून तिची नथ केली आणि मोत्याच्या जागी रानातली एक लाल गुंज ओवली. ती नाकात घालून भागी बोहल्यावर उभी राहिली. दिसली छान. पण नथ बापानं घातली होती. रीत तिथं तुटली.

मग एकेक करून गावच्या लेकी लग्न होऊन गेल्या. कुणी खोटी नथ घातली, कुणी रिकाम्या नाकानं गेली. पेटी जपून होती आणि कारभारी निवांत झोपत होता. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. गेलेल्या लेकी परत येईनाशा झाल्या. सासरी निरोप जाई तेव्हा उत्तर येई, 'काय कारण?' आणि सांगायला कारण नसे.

वेणू मोठी झाली. कारभाऱ्याची एकुलती एक लेक. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगे, "माझ्या घरातलं हे रत्न." तिचं लग्न ठरलं तसा तो विरघळला. म्हणाला, "वेणू, तुझ्यासाठी पेटी उघडणार मी. तू मिरव ती नथ."

"घालणार कोण?" वेणूनं विचारलं.

"मी काढून देतो, तू घाल."

"मला पेटीतून नको, बाबा. हातातून हवी. माझ्या आधी जिचं लग्न झालं, तिच्या हातातून."

"अगं, पण तिनं कुठं घातली होती?"

"तिनं नाही, तिच्या आधीचीनं नाही, भागीनंही नाही. जिथं तुटलं तिथपासून जोडा. नाहीतर मीही रिकाम्या नाकानं उभी राहीन."

कारभारी चिडला. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. वेणू हलली नाही. शेवटी त्यानं नथ तरी बघावी म्हणून पेटी उघडली. आत उग्र वास कोंडला होता. मोती पिवळट, मेलेल्या डोळ्यांसारखे झाले होते. मधला टपोरा मोती त्यानं बोटानं चाचपला, तर त्याचे पापुद्रे निघून आले. एवढा जपला आणि हातातच भुगा झाला. कारभारी पेटीसमोर बसून राहिला. आपण नक्की काय राखत होतो, हेच त्याला कळेना.

सकाळी तो बुरुडाच्या दारात गेला. बुरूड बांबू चिरत बसला होता. आता म्हातारा झाला होता.

"भागीला आणायला निघालोय," कारभारी म्हणाला. "तू येतोस?"

बुरुडानं कोयता थांबवला. "मी गेलो होतो, कारभारी. पुष्कळदा. ते विचारतात, कारण काय? बापाला लेक बघावीशी वाटते, हे त्यांच्या लेखी कारण होत नाही. पूर्वी नथीचं कारण होतं."

 कारभारी एकटाच निघाला. पुष्कळ चालून भागीच्या सासरी पोचला. भागी अंगणात सूप विणत होती. त्याला पाहून तिनं पदर सावरला, पाणी आणून दिलं आणि बाजूला उभी राहिली. सासूनं बसल्या जागेवरून विचारलं, "काय कारण काढलंत?"

"देवीच्या नथीचं बोलावणं आहे," कारभारी म्हणाला. किती वर्षांनी त्या वाटेवर हे शब्द उच्चारले गेले होते. सासूनं मान हलवून होकार दिला.

भागीनं मात्र विचारलं, "काका, नथीसाठी आलात, की माझ्यासाठी?"

कारभारी खोटं बोलला नाही. "निघालो तो माझ्या लेकीसाठी, पोरी. निघताना तुझ्या बापाला भेटलो. आता तुझ्यासाठी उभा आहे. तुझ्या लग्नात कुणीतरी जे बोललं, ते मी ऐकून घेतलं होतं. चुकलं माझं."

भागीनं हातातली कामटी खाली ठेवली. मग आत जाऊन गाठोडं बांधून आली.

भागीला बापाकडे पोचवून कारभारी पुढं निघाला. तुळसाला बोलावलं, मग बाकीच्या एकेकीला. पायाला फोड आले, तरी दुसऱ्या कुणाला त्यानं पाठवलं नाही. प्रत्येक दारात त्यानं तेच सांगितलं, आणि प्रत्येक दारातून एक लेक बाहेर आली. एका दारातून मात्र कोणी आलं नाही. कुंभाराची लेक बाळंतपणात गेली होती. तिचा शेवटचा निरोप होता, 'आईला बघायचंय.' तेव्हा सांगायला कारण नव्हतं. त्या दारात कारभारी जमिनीवर बसला आणि रडला.

वेणूच्या हळदीच्या दिवशी देवळाचं अंगण लेकींनी भरून गेलं. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचे केस पिकू लागलेले. लग्नं ज्या क्रमानं झाली होती, त्या क्रमानं त्या ओळीनं उभ्या राहिल्या. जिथं कुंभाराची लेक उभी राहिली असती, तिथं तिची आई येऊन उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही.

कारभाऱ्यानं नथ आणून तुळसाच्या हातावर ठेवली. मधली जागा रिकामी होती. "हे माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "शहरातून नवा मोती आणतो."

"थांबा काका," भागी म्हणाली. तिनं गाठोड्यातून बांबूची नथ काढली. बापानं केलेली, इतकी वर्षं जपलेली. तिच्यातली लाल गुंज सोडवून तिनं देवीच्या नथीत मधोमध ओवली. बुरूड भिंतीला टेकून बघत होता. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

मग तुळसानं भागीच्या नाकात नथ घातली. भागीनं ती काढून पुढचीच्या नाकात घातली, तिनं तिच्या पुढचीच्या. अशी ती कुंभारणीच्या नाकात आली. तिनं ती क्षणभर दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि पुढं दिली. शेवटी नथ वेणूच्या नाकात आली. ते पिवळे पडलेले मोती त्या दिवशी कसे दिसले म्हणाल तर पिवळेच दिसले. पण कुणाचंही लक्ष मोत्यांकडे नव्हतं.

लोखंडी पेटीत आता देवळाचं तेल असतं. नथ कोनाड्यात असते. मधल्या काळात पुष्कळ मोती बदलले, गुंज मात्र कुणी बदलू देत नाही. परगावचा माणूस विचारतो, "एवढ्या देखण्या नथीत ही रानातली गुंज कशाला?" तेव्हा गावातली कुठलीही लेक त्याला शेजारी बसवून ही गोष्ट सांगते.

तात्पर्य एवढंच: दागिना पेटीत घालून राखता येतो, पण ज्या माणसांना तो जोडतो ती दुरावली, की पेटीत भुगाच उरतो.