दाराकडे दाखवलेलं बोट

“दार बंद आहे हे मला दिसतं, ओनो-सान. मग त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं सांगायचं तरी कुणाला?”

ओनो-सान फलाटावरची ओली पानं झाडत होते. ते थांबले नाहीत.

जपानमधल्या एका डोंगरावर जाणाऱ्या रोपवेचं हे खालचं स्टेशन. ओनो-सान तिथले सगळ्यात जुने कर्मचारी. विचारणारा श्रेयस माने, इस्लामपूरचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इथे इंटर्न म्हणून आलेला. त्याचं जपानी चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे त्याला माहीत होतं.

तिथली रीत अशी. केबिन सोडण्याआधी दाराकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि खणखणीत म्हणायचं, “दार, योशी.” योशी म्हणजे ठीक. मग खटका, योशी. मग दोर, योशी. त्यानंतरच हिरवं बटण.

सकाळी नाशिकची काही मंडळी आली होती. श्रेयसच्या छातीवरचं नाव वाचून त्यातल्या एक काकू खूश झाल्या.

“माने का? अगं बाई, आपलाच मुलगा.” मग ओनो-सानांकडे बघून हळूच म्हणाल्या, “हे आजोबा दाराला पाढे शिकवतायत का रे?”

“दार पळून जाईल म्हणून दम देतायत,” काका म्हणाले.

सगळे हसले. श्रेयसही हसला.

पुढची केबिन श्रेयसनं सोडायची होती, आणि तिच्यात हीच मंडळी बसली. त्यानं दाराकडे एक नजर टाकली, खटक्याकडे टाकली, दोराकडे टाकली. हात खिशातच राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं बटण दाबलं.

केबिन हातभर पुढे गेली आणि थांबली. ओनो-सानांनी लाल बटण दाबलं होतं. त्यांनी केबिन मागे घेतली, काकूंसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि सगळं स्वतः पुन्हा केलं. दार, योशी. खटका, योशी. दोर, योशी.

दार पहिल्यापासून बंदच होतं.

परवा मॅनेजर ओनो-सानांना विचारणार होते, या मुलाला एकट्यानं केबिन सोडू द्यायची का? ते हो म्हणाले तर उरलेला महिना श्रेयस बटणापाशी. नाही म्हणाले तर तिकीटखिडकीत. इतक्या लांब तो तिकिटं फाडायला आला नव्हता.

“माझं काय चुकलं, ते तरी सांगा,” तो म्हणाला.

“दार बंद होतं.”

“तेच म्हणतोय मी.”

ओनो-सान पुन्हा झाडायला लागले.

“मी लोकांना लाजलो, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. माझी नजर चांगली आहे.”

“चांगली आहे.” ओनो-सानांनी झाडू कोपऱ्यात उभा केला. “माझ्यापेक्षा चांगली आहे.”



दुपार झाली. या वेळी ओनो-सान वरच्या स्टेशनवर जात, तिथल्या माणसाला जेवायला सुट्टी द्यायला. वर जाणारं सामान केबिनमध्ये ठेवलेलं होतं. प्रवासी पुढच्या केबिनसाठी रांगेत थांबले होते. ओनो-सान निळ्या रुमालात बांधलेला डबा घेऊन आले.

“वर जाऊन जेवणार?” श्रेयसनं विचारलं.

“हायाशी होता तेव्हा वाटेतच जेवायचो.” हायाशी म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, आता रिटायर झालेला. “तो केबिन सोडायचा. पहिल्या खांबापर्यंत माझा निम्मा भात संपायचा.”

“आणि आता?”

“आता दांडी धरून बसतो.”

ते आत जाऊन बसले.

“सोड मला,” ते म्हणाले.

श्रेयसनं दार लावलं. खटका बसला. त्यानं दोराकडे पाहिलं, मागे आला आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

काचेपलीकडे ओनो-सान ताठ बसले होते. एक हात दांडीवर, दुसऱ्या हातात गाठ मारलेला डबा. ते श्रेयसकडे बघत नव्हते. समोरच्या दरीकडे बघत होते.

श्रेयसनं बोट उचललं.

खटका बसलेला त्यानं आत्ताच पाहिला होता. की तो सकाळचा आठवत होता?

...

तो पुन्हा केबिनपाशी गेला. हात लांब केला.

“दार...”

आवाज बारीक निघाला. रांगेतली माणसं बघायला लागली. श्रेयसचे कान तापले.

त्यानं हात खाली घेतला, श्वास घेतला आणि पुन्हा लांब केला. गावाकडे मैदानावर खो-खो खेळताना ओरडायचा तसा ओरडला.

“दार, योशी.”

दार बंद होतं.

“खटका, योशी.”

खटका बसलेला होता.

“दोर, योशी.”

पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमला. रांगेत कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी त्याला ते ऐकू आलं नसतं.

तो बटणापाशी परत आला. केबिनची वरची काच थोडी उघडी होती.

“ओनो-सान,” तो म्हणाला, “दार मघाशीही बंदच होतं.”

“हो.”

“खटकाही बसलेला होता.”

“हो...”

ओनो-सानांनी दांडीवरचा हात काढला. डबा मांडीवर ठेवला आणि रुमालाची गाठ सोडायला घेतली.

“सोड आता. पहिल्या खांबापर्यंत निम्मा भात संपला पाहिजे.”