पाच सावल्यांची कॅसेट

माझा जन्म दुकानाच्या गल्ल्यावर गेला, पण गिऱ्हाइकाची खरी आवड ओळखायला शिकवलं ते व्हिडिओ लायब्ररीवाल्या गोदूताईंनी.

गावच्या वाचनालयात ताईंच्या लायब्ररीतून आलेल्या, जुन्या जपानी वीरपथकांच्या दोन मालिकांच्या कॅसेटींपैकी लोकांना जास्त आवडलेली एकच ठेवायची होती, दुसरी भंगारात. अध्यक्ष कारखानीससाहेबांनी आपल्या पसंतीची ‘वज्रपथक’ लावली. चित्र आरशासारखं लख्ख. मग ताईंच्या पसंतीची ‘पंचछाया’ लागली. पाच वीर मुखवटे चढवू लागले आणि पडद्यावर राख उधळावी तसे ठिपके उसळले. त्यात पाच बिनचेहऱ्याच्या सावल्या वळवळत होत्या, आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. खोलीत कुणी हलेना.

“बंद करा ती भुताटकी!” साहेब ओरडले. “असलं कोण बघतंय?”

“भुतं नव्हेत साहेब, गावातली पोरं आहेत ती,” ताई म्हणाल्या. “मुखवट्याची जागा आली की प्रत्येक जण मागे फिरवून पुन्हा बघायचा. फीत नेमकी तिथेच झिजली. तुमची लख्ख राहिली, कारण ती दुसऱ्यांदा कुणी लावलीच नाही.”

तेवढ्यात फितीतला आवाज पुरता बुडाला, आणि भंगाराचं पोतं घेऊन उभा असलेला चाळिशीचा शिपाई वीरांची पुढची जपानी आरोळी आपसूक पुटपुटला. मग त्याने पोतं उघडलं आणि साहेबांच्या कॅसेटकडे हात नेला.