दोन ढिगांचं बेट

फार जुनी गोष्ट. भर समुद्रात खेकड्यांचं एक बेट होतं. त्यावर बाहेरून आलेले दोघं जण एकाच वेळी राज्य करत, बगळा आणि घार. राज्य कसलं, नुसती मोजमापं! दोघं वाळूच्या दोन ढिगांवर बसत. दुसऱ्याचा ढीग बोटभर जरी उंच दिसला तरी आकांडतांडव. म्हणून खेकडे रोज सकाळी इकडची वाळू तिकडे वाहत.

वाहून वाहून वाळकी नावाच्या म्हाताऱ्या खेकडीच्या नांग्या झिजल्या. एके दिवशी तिने वाळू खाली टाकली.

"आता बास!"

तिचं बघून सगळ्यांनीच टाकली. घार ओरडली, बगळा चिडला, पण कुणी हलेना. लाटांनी ढीग खचत गेले, तशी दोघांनाही उडून जावं लागलं. बेटभर नाच झाला. वाळकीला मात्र ते अर्धेमुर्धे ढीग अजून उभे बघून चैन पडेना.

सकाळी ती किनाऱ्यावर आली, तर रिकाम्या ढिगांपाशी खेकड्यांचे दोन घोळके वाळू घेऊन उभे.

"अरे, गेले ना दोघं? मग हे काय चाललंय?"

"आजी, तूच बघ," एक जण तावातावाने म्हणाला, "त्या बगळेवाल्यांचा ढीग आमच्या घारीच्या ढिगापेक्षा उंच झालाय!"