अस्वलदादाचा जामीन

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक म्हातारा गवा न्यायनिवाडा करीत असे. त्या रानाची रीत अशी होती : ज्याच्यावर आरोप येई, त्याने पंचायत बसेपर्यंत कातळातल्या घळीत राहायचे. घळीच्या तोंडाशी रानडुकरांचा पहारा असे. मात्र त्याला कोणी जामीन राहिले, तर त्याला घरी जाता येई. जामिनाला गवा एकच प्रश्न विचारी, "हा ठरल्या दिवशी हजर राहील?" जामीन होय म्हणाला की काम झाले. आजवर एकही आरोपी पळाला नव्हता. गव्याला याचा मोठा अभिमान होता.

एके सकाळी ओढ्याकाठची टिटवी तक्रार घेऊन आली. "गवाबाबा, अस्वलदादा बायकोला मारतो. मी शेजारी राहते. मला सगळं ऐकू येतं."

"हिला ओरडायची खोडच आहे," फांदीवरून वानर म्हणाला. "पान हललं तरी ओरडते."

गव्याने नवरा-बायको दोघांना बोलावले. अस्वलदादा रानात सगळ्यांचा लाडका. मधाचे पोळे सापडले की चार जणांना दिल्याशिवाय खात नसे. तो मोहाच्या झाडाखाली खाली मान घालून बसला. अस्वलीण लांब, एका खोडाला पाठ लावून उभी राहिली. मुलांनो, अस्वलाची मादी पिलाला पाठीवर घेऊन हिंडते. हिने मात्र पिलू पोटाशी धरले होते. गव्याला ते दिसले. वेगळेही वाटले. पण विचारायची रीत नव्हती, म्हणून त्याने विचारले नाही.

"बाई, तुला काही सांगायचं आहे?" एवढेच तो म्हणाला.

अस्वलिणीने आधी नवऱ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही."

कोल्हा पुढे आला. "बाबा, मी जामीन राहतो. हा कुठे पळणार? याची मोहाची झाडं इथं, मधाची पोळी इथं."

"मीही राहतो," वानर म्हणाला. "नवरा-बायकोत कुरबुर कुठे नसते?"

"आणि मीसुद्धा," मोर म्हणाला. "इतका गोड स्वभाव साऱ्या रानात नाही."

"ठरल्या दिवशी हजर राहील?"

"राहील!" तिघेही एकदम म्हणाले.

गव्याने मान डोलावली. अस्वलदादा घरी निघाला. अस्वलीण त्याच्या मागून गेली. जायला तिला दुसरे घर नव्हते.

पंचायतीचा दिवस उजाडला. अस्वलदादा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. कोल्ह्याने गव्याकडे ऐटीत पाहिले. गवाही मनातून सुखावला. मग त्याने विचारले, "अस्वलीण कुठे आहे?"

"आली नाही बुवा," अस्वलदादा म्हणाला. "कंटाळा आला असेल तिला."

टिटवी पुढे आली. या वेळी ती ओरडली नाही. हळू बोलली. "यायला पाय लागतो, बाबा. तिचा पुढचा पाय मोडलाय. ती ओढ्याकाठी पडली आहे. पिलू झाडावर चढून बसलंय, ते खाली यायला तयार नाही."

गवा उठला आणि स्वतः ओढ्यावर गेला. अस्वलीण कुशीवर पडली होती. तिच्या पाठीवरचे केस जागोजाग उपटलेले होते. मध्ये नखांचे ओरखडे होते, काही ओले, काही जुने, खपली धरलेले. जुने ओरखडे त्या दिवशीही तिथेच होते. ते झाकून ती खोडाला टेकून उभी होती. पिलू पोटाशी का होते, ते म्हाताऱ्याला आता कळले. आरोपी हजर होता. रीत पुरती पाळली गेली होती. आणि पाय तिचा मोडला होता.

"तो इथं नाही," शेवटी गवा म्हणाला. "त्याला ऐकू जाणार नाही. आता बोल, पोरी."

"निवाडा तुम्ही सावकाश करा, बाबा," ती म्हणाली. "पण तोवर मला पाठ उघडी टाकून झोपता यावं. एवढंच करा."

गवा परत आला आणि त्याने जाहीर केले, "अस्वलीण उठून उभी राहीपर्यंत पंचायत बसणार नाही. तोवर अस्वलदादाने घळीत राहावं."

"हा अन्याय आहे!" अस्वलदादा उसळला. "माझा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही."

"नाही झाला. म्हणून मी शिक्षा देत नाही. पण तो शाबीत होतो की नाही, हे सांगायला ती जिवंत राहिली पाहिजे."

"आम्ही पुन्हा जामीन राहतो!" कोल्हा म्हणाला. वानर आणि मोरही सरसावले. "तो एकदा आला, पुन्हाही येईल."

"येईल. मला माहीत आहे," गवा म्हणाला. "ते मी विचारतच नाही. तोवर तो राहील कुठे, ते सांगा. त्या घरी आता तो जायचा नाही. तुम्ही जामीन, तर तुमच्या घरी ठेवा."

मोराने मान वळवली आणि तो पिसारा आवरू लागला.

"माझं घर झाडावर आहे, बाबा," वानर म्हणाला.

"अस्वल झाडावर चढतं."

वानर वरच्या फांदीवर सरकला.

"माझं बीळ अरुंद आहे," कोल्हा म्हणाला.

"नखं आहेत त्याला. रुंद करून घेईल."

कोल्ह्याने अस्वलदादाच्या नखांकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, घरात बायको आहे. लहान पिल्लं आहेत."

"त्याच्याही घरात तेच आहे," गवा म्हणाला.

रानडुकरांनी अस्वलदादाला घळीकडे नेले. त्या दिवसापासून गवा जामिनाला आधी विचारू लागला, की हा जाणार कुठे आणि तिथे कोण असेल. हजेरीचे नंतर. कधी कोणी आरोपीला खरोखरच आपल्या घरी ठेवून घेई, तेव्हा गवा त्याला मोकळाही सोडी. पण अस्वलदादाला घरी ठेवायला कोणी पुढे आले नाही.

मोहाला नवी पालवी फुटली आणि पंचायत बसली. अस्वलीण लंगडत आली. झाडाला न टेकता ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली. पिलू तिच्या पाठीवर होते. गव्याने ते नीट पाहून घेतले आणि मगच म्हणाला, "हं, आता सांग."

तात्पर्य : आरोपीला मोकळे सोडताना तो परत येईल का, एवढेच पाहू नये, तो ज्यांच्यात जाऊन राहणार, त्यांचा जीव सुरक्षित राहील का, हे आधी पाहावे.