चिमापालीचे पाय

यंत्रं नुकतीच बोलू लागली होती, त्या काळी एका प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिमा नावाची म्हातारी पाल राहायची. तिथल्या डॉक्टर मेहेंदळ्यांनी भिंगातून तिचे पाय न्याहाळून तसेच चिकट तळवे बनवले आणि एका छोट्या यंत्राला बसवले. यंत्राचं नाव सरसऱ्या.

“आजी, आता तुम्ही आराम करा,” असं म्हणत सरसऱ्या ऐटीत छतावर चढला. चिमाला ते इतकं लागलं की तिने समोरचा डासही सोडून दिला.

थोड्याच वेळात सरसऱ्या रडायला लागला. “आजी, पाय सुटत नाहीत हो!”

डॉक्टर शिडीवर चढून त्याला ओढायला गेले, तर त्यांची मिशीच तळव्याला चिकटली. सहकारी कात्री घेऊन धावले. डॉक्टर किंचाळले, “मिशीला हात लावू नका!”

चिमा पोटभर हसली, पण मग तिला दया आली. “बाळा, पाय ओढू नकोस. बोटं टोकाकडून वर वळव, अशी.”

सरसऱ्याने बोटं वळवली. मिशी सुटली, पायही सुटले.

“आजी, तुम्हाला अजून काय काय येतं?” त्याने हळूच विचारलं.

“शेपूट तोडून टाकता येते,” चिमा कुजबुजली. “पण हे तुझ्या डॉक्टरांना सांगू नकोस!”